डॉक्टरांच्या गाडीची मागची काच

बाळ एक्केचाळीस वर्षांचा झाला, कपाळावरचे केस मागे सरकले, चष्मा लागला, तरी गल्लीत त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. बाळ तो बाळच राहिला. त्याला कारण त्याचे वडील. त्यांना सगळे दादा म्हणत, त्यांच्या बरोबरीचे म्हातारेसुद्धा. आणि जोवर दादा शेडच्या दारात स्टूल टाकून बसलेले आहेत, तोवर त्या जागेत दुसऱ्या कुणी मोठं व्हायची सोयच नव्हती.

शेड म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर. आत डाव्या हाताला दोन शिलाई मशिनं, उजव्या हाताला कापड बेतायचं टेबल आणि मधे एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा. मागच्या दोन खोल्यांत बापलेक राहत. शेडच्या पुढे सिमेंटचा सात-आठ पावलांचा उतार, तो संपला की छोटं अंगण, आणि अंगणापलीकडे विटांची भिंत. रस्त्यावर जायचं फाटक बाजूला होतं, त्यामुळे शेडमधून निघालेल्या प्रत्येक गाडीला आधी सरळ भिंतीकडे मागे यावं लागे आणि मग वळावं लागे.

काम एकच. वरून उघडणाऱ्या जुन्या गाड्यांचे कापडी हूड शिवायचे, फाटले तर सांधायचे, सीटांचं रेक्झिन बदलायचं. अशा हूडला मागे जी खिडकी असते ती काचेची नसते, मऊ प्लॅस्टिकची असते, कारण हूड दुमडला की तिलाही दुमडावं लागतं. पण धंद्यात तिला काचच म्हणतात. ऊन खाऊन, धूळ खाऊन ही काच चार-पाच वर्षांत पांढरी पडते. दादा म्हणायचे, काचेत दूध उतरलं. एखादी काच अगदीच कामातून गेलेली असली तर ते गिऱ्हाइकाच्या तोंडावरच म्हणत, "एवढ्या दुधात आमच्या घरचा आठवड्याचा चहा होईल." गिऱ्हाईक हसे आणि गाडी सोडून जाई.

हे दूध काढायचं काम दादांचं. बाळला त्याचा कंटाळा होता. मशीनवर बसलं की तासाभरात हातभर शिवण पुढे सरकलेली दिसते. काच घासायला बसलं की दुपार निघून जाते आणि दिसत काहीच नाही. त्यामुळे काच नेहमी शेवटी राही, आणि शेवटी राहिली की दादांच्या गळ्यात पडे.

त्या गिऱ्हाइकांत एक दातांचे डॉक्टर होते. वय सत्तरच्या पुढे, दवाखाना केव्हाच बंद केलेला. त्यांची गर्द हिरवी, दोन दारांची गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची होती. हूडचं कापड विरलं होतं म्हणून त्यांनी ते नवं शिवायला टाकलं, पण मागची काच मात्र जुनीच ठेवा म्हणाले. तेवढ्या जाडीचं प्लॅस्टिक आता मिळत नाही, आणि बायकोला ती गाडी जशी होती तशीच आवडते. दादांनी काच बोटांत धरून पाहिली आणि हो म्हणून टाकलं. गाडीचा हँडब्रेक ढिला आहे, हे सांगायचं डॉक्टरांच्या मनात होतं. घरी ते नेहमी चाकामागे वीट ठेवत. पण बोलण्याच्या भरात राहून गेलं. तसं दादांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

हूड तयार झाला, गाडीवर चढला, कडांना खळ लावून झाली. काच तेवढी राहिली. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दादा म्हणाले, गाडी उजेडात घेऊ, म्हणजे मला काच घासता येईल. हाताने ढकलत बाहेर काढू, इंजिन चालू करू नकोस, मागचं काही दिसत नाही. बाळ हो म्हणाला. मग दादा उतार उतरून अंगणात गेले, आणि बाळने गाडीत बसून किल्ली फिरवली. कारण एवढंच, की ती जड गाडी दोघांनी रेटायची म्हणजे पाठीचं काम, आणि इंजिनाने दोन मिनिटांचं काम.

हूडची खळ ओली होती, म्हणून तो खाली घेता येत नव्हता. दार उघडून मान बाहेर काढावी, तर दाराला लागून बेतायचं टेबल. बाळने मागे वळून पाहिलं. काचेत दूधच दूध होतं आणि त्यात दादांच्या सदऱ्याचा एक पुसट डाग. त्याने हँडब्रेक सोडला. गाडी उतारावर आली. डिकीवर थाप पडली, लगेच दुसरी पडली. धंद्यात एक थाप म्हणजे थांब आणि दोन थापा म्हणजे येऊ दे. बाळने येऊ दिलं.

गाडी भिंतीला टेकली तेव्हा जो आवाज झाला तो विटांचा नव्हता.

पुढचं सगळं झटपट झालं. शेजारचा वेल्डर धावत आला, दोघांनी गाडी पुढे ओढली, कुणीतरी टॅक्सी थांबवली. दादा शुद्धीवर होते. त्यांचं डोकं बाळच्या मांडीवर होतं आणि कमरेपासून खाली ते कुणी दुसऱ्याचेच असल्यासारखे पडले होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी डोळे उघडले.

"इंजिन बंद होतं," ते म्हणाले. "आपण ढकलत होतो. ब्रेकने दगा दिला. समजलं?"

बाळला समजलं नाही, पण त्याने मान हलवली. दवाखान्यात पोलीस आला तेव्हा दादांनी हेच सांगितलं, आणि बाळकडे पोलिसाने पाहिलं तेव्हा त्याने पुन्हा मान हलवली. एकदा हललेली मान मग परत फिरवता आली नाही.

कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं आणि मणक्यालाही मार बसला होता. अडीच महिन्यांनी दादा घरी आले ते पाय गमावूनच. पाय होते, पण त्यांचं कुणाशी काही देणंघेणं नव्हतं. पुढच्या खोलीत लोखंडी खाट मांडली. बाळ बघता बघता सगळं शिकला. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, टाचांखाली उशी, भांडं द्यायचं, पुसायचं, चादर ओढून सरळ करायची, कारण एक चुणी राहिली तरी कातडी सोलवटते. गल्लीतल्या बायका आपापल्या मुलांना बाळचं उदाहरण देऊ लागल्या. वेल्डर म्हणायचा, असा मुलगा असावा. बाळ ऐकून घ्यायचा आणि आत जायचा.

ताई दर रविवारी यायची. बाळहून चार वर्षांनी मोठी, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, शहराच्या दुसऱ्या टोकाला सासर. डबा घेऊन यायची, दादांची नखं कापायची, केस विंचरायची, आणि निघताना बाळच्या पाठीवर हात ठेवायची. "तू होतास म्हणून दादा आहेत," असं ती एकदा म्हणाली. त्या दिवशी बाळला जेवण गेलं नाही. ताईला वाटलं, थकला असेल.

एकदा, घरी आल्यावर महिन्याभराने, बाळने दादांना विचारलं होतं की तुम्ही तसं का सांगितलंत. दादा छताकडे पाहत होते.

"तुला आत टाकलं असतं, तर मला पाणी कोणी दिलं असतं?"

एवढंच. त्यात माया किती आणि हिशेब किती, हे बाळला त्यानंतर कितीही घोळवून कळलं नाही. दादांचा चेहरा असा होता, की त्यांनी थट्टा केली तरी माणसाला आधी रागच वाटे.

आणि मग डॉक्टर यायला लागले. ब्रेकने दगा दिला, हे कानावर पडल्यापासून त्यांनी हाय खाल्ली होती. पहिल्यांदा आले तेव्हा खाटेपासून लांब, दारातच उभे राहिले. ढिल्या ब्रेकचं सांगायचं राहून गेलं, हे त्यांनी कबूल केलं. चुकलं, असं तीन-चारदा म्हणाले. दादांनी हात हलवून ते झटकून टाकलं, पण खोडून काढलं नाही. डॉक्टर दर महिन्याला येत राहिले. फळं आणत, तासभर बसत, वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगत. गाडी घेऊन जा म्हटलं की नको म्हणत. त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. हिरवी गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली आणि मधली सगळी जागा तिने अडवली, म्हणून बाळ इतरांच्या गाड्या अंगणात घेऊन काम करू लागला.

डॉक्टर आले की बाळ चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाई. त्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याला पाहवत नसे. एकदा डॉक्टर गेल्यावर तो दादांना म्हणाला की मी त्यांना खरं सांगतो, आता सहन होत नाही.

"काही सांगायचं नाही," दादा म्हणाले. "त्यांचं घर मोठं आहे. एक जड गोष्ट तिथे कुठल्याही कोपऱ्यात मावेल. आपल्या दोन खोल्यांत मावायची नाही."

बाळने चहाच्या कपबशा उचलल्या. खरं तर त्याला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांची बायको आजारी पडून गेली. दोन महिने डॉक्टर आले नाहीत, मग पुन्हा आले, तशीच फळं घेऊन. ते वाकले होते.

दादांना मात्र एक दिवस निराळीच गोष्ट सुचली. रोज सकाळी ते शेडमधले आवाज ऐकत पडलेले असत. त्या दिवशी त्यांनी बाळला हाक मारून सांगितलं, टाकाऊ काचांचं खोकं आण. खोक्यात जुन्या हूडांतून कापून काढलेले प्लॅस्टिकचे तुकडे होते, सगळे पांढरे फटक. दादांनी त्यातला एक निवडला आणि बाळला खाटेशेजारी बसवलं.

"हात रिकामा राहिला की माणूस विचार करतो," ते म्हणाले. "मला विचार नकोत आणि तुलाही नकोत."

असं बाळचं शिक्षण सुरू झालं, चाळिशी उलटल्यावर. आधी पाणी, भरपूर पाणी, हात न लावता, कारण वरची धूळ पुसली तर तीच ओरखडे पाडते. मग साबणाचं पाणी आणि जुन्या बनियनचा तुकडा. थिनर नाही, रॉकेल नाही, कागद तर मुळीच नाही. मग पाण्यातला बारीक पॉलिश पेपर, आधी सगळा उभा, मग त्याहून बारीक पेपर सगळा आडवा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. गोल गोल घासलंस तर काम वाया. उन्हात नाही, सावलीत. शेवटी रबिंग, म्हणजे चकाकी आणणारं मलम, बोटाच्या टोकाएवढं, आणि हात हलका. दादा तुकडा अंगठ्याने चाचपत आणि डोळे मिटून सांगत, या कोपऱ्यात अजून दूध आहे. बाळ पुन्हा घासे. तयार तुकडा वर्तमानपत्रावर धरायचा. बारीक अक्षरं वाचता आली तर पास. पहिल्या महिन्यात बाळचा एकही तुकडा पास झाला नाही. प्लॅस्टिकच्या आतच पिवळेपणा मुरलेला असला तर तो निघत नाही, हे दादांनी सांगितलेलं असूनही बाळ हट्टाने तशाच एका तुकड्यावर आठवडाभर घासत बसला होता. दादांनी त्याला थांबवलं नाही.

सहा महिन्यांनी बाळचा हात बसला. गंमत अशी की लोकांना नव्या हूडपेक्षा याच कामाची जास्त गरज होती. लांबून लांबून गाड्या येऊ लागल्या. जो माणूस या कामाला टाळायचा, तो दिवसचे दिवस तेच करू लागला. कुणाची काच पांढरी दिसली, की ती साफ होईपर्यंत तो ती गाडी जागची हलू देत नसे, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. लोकांना तो सनकी वाटे.

मग एका सकाळी दादा म्हणाले, "आता डॉक्टरांची कर."

बाळ ताडपत्रीजवळ गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी त्याने ताडपत्री काढली. त्या काचेला त्याला चार दिवस लागले. दीड वर्ष झाकून राहिल्याने तिच्यावर बुरशीचे ठिपके आले होते आणि घडीच्या जागी एक आडवी भेग पडायच्या बेतात होती. तिथे त्याने नुसत्या बोटाने रबिंग फिरवलं. चौथ्या दिवशी दुपारी तो दादांना सांगायला गेला. दादा म्हणाले, मला तिकडे ने.

वेल्डरला बोलावून दोघांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि शेडमध्ये, गाडीच्या मागे आणून ठेवलं. वेल्डर गेल्यावर दादांनी बाळला गाडीत बसायला सांगितलं. बाळ नको म्हणाला. दादांनी पुन्हा सांगितलं. तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. स्टिअरिंगला त्याने हात लावला नाही.

"मागे बघ."

त्याने मान वळवली. काचेतून दादा दिसत होते. गालावरचे दोन दिवसांचे पांढरे खुंट, सदऱ्याचं वरचं तुटलेलं बटण, मानेची उडणारी शीर, ओठाच्या कडेला सकाळच्या पेजेचा सुकलेला थेंब, जो पुसायचा राहिला होता. सगळं.

"दिसतोय का मी?"

"दिसताय."

"बस. ये बाहेर. आणि झाकून टाक ती."

ते त्याविषयी परत कधी बोलले नाहीत. बाळला वाटलं होतं, निदान आता ओरडतील. ओरडले असते तर त्याला कुठेतरी सुटल्यासारखं झालं असतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी माकडहाडावर पडून राहून झालेली जखम चिघळली. बाळने दोन तासांचा एक तास केला, पण ती हाडापर्यंत गेली. दवाखाना बदलला, औषधं बदलली. ताप चढला तो उतरला नाही. शेवटचे तीन दिवस दादांना माणसं ओळखू येत नव्हती. ताई रजा टाकून आली होती. दादांचा उजवा हात अधूनमधून खाटेच्या लोखंडी पट्टीवर पडे, दोनदा, पटपट, आणि मग बऱ्याच वेळाने पुन्हा दोनदा.

"काहीतरी हवंय त्यांना," ताई म्हणाली. "बघ ना काय हवंय."

बाळने तो हात धरला. हात त्याच्या मुठीतसुद्धा उसळत होता. त्याला त्या क्षणी कळलं, की त्या सकाळी दादांनी थापा मारल्या त्या खुणेच्या नव्हत्याच. मागे भिंत असलेला माणूस मोजून थापा मारत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि तीन वर्षं तो स्वतःला समजावत होता की दोन थापा होत्या, दोनच होत्या.

दादा तिसऱ्या दिवशी दुपारी गेले.

डॉक्टर आठवड्याने भेटायला आले. या वेळी फळं नव्हती. रिकाम्या खाटेकडे पाहून ते शेडमध्येच स्टुलावर बसले आणि काठी दोन्ही पायांमध्ये धरून म्हणाले, "बाळ, मी तुझा गुन्हेगार आहे. दादांनी मोठ्या मनाने मला कधी बोल लावला नाही, पण मला ठाऊक आहे."

बाळ काच घासत होता. त्याने फडकं ठेवलं.

"ब्रेकचा काही दोष नव्हता, डॉक्टर. इंजिन चालू होतं. गाडी मी मागे घेत होतो."

डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी, दात दुखतो म्हणणाऱ्या माणसाला विचारावं तसं, एकेक विचारलं. इंजिन कोणी चालू केलं. हँडब्रेक कोणी सोडला. दादांनी सांगितलं होतं का, ढकलत न्यायचं म्हणून. बाळने सगळ्याची उत्तरं दिली. दादांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते चालू दिलं, असंही म्हणाला. डॉक्टरांनी मागे वळून ताडपत्रीकडे पाहिलं.

"माझी बायको शेवटच्या आठवड्यात मला विचारत होती," ते म्हणाले, "त्या हूडवाल्यांचं कसं आहे. मी सांगितलं, माझ्यामुळे पडून आहेत. ती हे घेऊन गेली."

बाळने फडकं उचललं आणि परत ठेवलं. जे सुचलं ते तोंडातून काढायची लाज वाटली.

डॉक्टर काठीवर जोर देऊन उठले. "गाडी उद्या कुणीतरी येऊन घेऊन जाईल. तुम्ही समोर असायची गरज नाही." आजवर ते त्याला तू म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि गाडी ओढून घेऊन गेला. काचेकडे डॉक्टरांनी पाहिलं की नाही, हे बाळला कळलं नाही. पुढे गाडी विकली गेली, असं कुणाकडून तरी कानावर आलं.

ट्रक आला त्याच संध्याकाळी बाळ ताईकडे गेला. तिच्या स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत असताना, त्याने तिलाही सांगितलं. भाऊजी बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि दार ओढून घेतलं. ताई ऐकत होती. त्याचं सांगून झाल्यावर तिने हातातलं ताट फळीवर ठेवलं.

"हे तू मला आज का सांगतोयस?"

"काल डॉक्टरांना सांगितलं, म्हणून."

"म्हणजे त्यांना आधी."

बाळने फळीवरचं ताट उगीच सरळ केलं.

"तीन वर्षं मी दर रविवारी तुझ्या पाठीवर हात ठेवत होते," ती म्हणाली. "जा आता."

पुढचं जवळजवळ दीड वर्ष ताई आली नाही. बाळने दोनदा फोन केला. भाऊजींनी उचलला आणि ती कामात आहे म्हणाले. तिसऱ्यांदा त्याने केला नाही. कामं येत होती. तो उठायचा, पाणी भरायचा, काच घासायचा, दुपारी त्याच खोलीत जेवायचा. दादांची खाट त्याने हलवली नव्हती. हलवली असती तर खोलीत एवढी रिकामी जागा झाली असती, की तिचं काय करायचं ते त्याला कळलं नसतं. पहिले काही महिने दोन तास झाले की तो आपोआप जागेवरून उठत असे. वेल्डरला त्याने एकदा खरं सांगितलं. वेल्डर म्हणाला, होतं असं, आणि त्यानंतर बाळच्या शेडमध्ये चहाला येणं त्याने हळूहळू बंद केलं.

मग एका मंगळवारी सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला आणि त्यातून ताई उतरली. तिने केस कापले होते. क्षणभर त्याला ती ओळखूच आली नाही. ती सरळ आत गेली आणि म्हणाली की तिच्या कचेरीतल्या एका बाईची आई अंथरुणाला खिळली आहे, त्यांना अशी खाट हवी आहे. तुझी हरकत नसेल तर नेते. त्याची हरकत नव्हती.

खाट खोलीत जोडलेली होती, तिचे बोल्ट गंजले होते. बाळने पाना लावला, ताईने पट्टी धरून ठेवली. एक बोल्ट काही केल्या निघेना, तेव्हा त्याने त्यावर तेल सोडलं आणि दोघं जमिनीवर बसून थांबली. ताईने खोलीभर पाहिलं. भिंतीवर, खाटेच्या उशाशी, दादांच्या डोक्याचा तेलकट डाग होता. भाऊजींचा रक्तदाब वाढलाय म्हणाली. कचेरी दुसऱ्या इमारतीत हलवली आहे म्हणाली. बाळने ऐकून घेतलं. मग बोल्ट सुटला.

खाटेचे भाग टेम्पोत चढवत होते तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पहिल्यांदाच आलेलं. त्याने ताईलाच विचारलं की काचेतलं दूध काढतात ते दादा इथेच बसतात का.

"ते गेले," ताई म्हणाली. "आता हा करतो. माझा भाऊ आहे."

काम कसं करतो, हे ती बोलली नाही. गिऱ्हाइकाने बाळकडे पाहून मान हलवली आणि गाडीचं सांगायला सुरुवात केली. बाळ त्याच्याशी बोलत असतानाच टेम्पो सुरू झाला. ताई पुढे, चालकाशेजारी बसली होती.

येणाऱ्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यानंतर वर्षातून तीन-चारदा ती येते. आधी कळवत नाही. तासभर बसते, डबा आणत नाही, आणि निघताना फाटकापाशी चपलेचा पट्टा नीट करत थोडी रेंगाळते. बाळ शेडच्या दारात उभा असतो. तो पुढे जात नाही.